पाचव्या मिनिटाची शिट्टी

६ जानेवारी, मंगळवार. सकाळी ६.१०

गच्चीवर बुटांच्या नाड्या धुऊन तारेवर टाकत होतो, तेव्हा फोन वाजला. देवगडे सरांनी रविवारच्या फुटबॉल सामन्याच्या मार्कांचा फोटो पाठवला होता. सर आमचे असेसर, म्हणजे रेफरीला मार्क देणारे.

८.३. शेरा: चुका नाहीत. सामना सोपा.

पुन्हा सोपा. या लीगमधले माझे पाच सामने, पाचही सोपे. सोप्या सामन्याला ८.४ च्या वर मार्क देताच येत नाहीत. सामना कठीण झाला आणि तो नीट पार पाडला, तर ८.५ च्या पुढे. मोन्याचे पाचपैकी तीन कठीण. मोन्या आणि मी एकाच दिवशी रेफरीची परीक्षा पास झालो. तो पुढे आहे.

आई वर आली. "एवढं काय पाहून राहिला त्या फोनात?"

"मार्क."

"बारावीच्या मार्कांले तं नव्हता पाहत एवढा."

बरोबर आहे. बारावीत पाहण्यासारखं काही नव्हतं.

नऊला दुकान उघडलं. झेरॉक्स आणि टायपिंग. समोर नव्या भोजनालयाचा बोर्ड लागला आहे: 'शुद्ध शाकाहरी'. दिवसभर समोरच दिसतो. सांगावं का?


९ जानेवारी, शुक्रवार

देवगडे सर आधार कार्डाची झेरॉक्स काढायला दुकानात आले. शाळेत पी.टी. शिकवायचे, आता रिटायर. विचारायचं नव्हतं, विचारलं.

"सर, माझा सामना दर वेळी सोपा कसा?"

"अरे बाबू, तुह्या मॅचमध्ये काही होतच नाही. रविवारी मी थर्मासमधला चहा दोनदा पिलो. मोन्याच्या मॅचमध्ये झाकण उघडाले फुरसत नाही भेटत."

"सर, मी होऊ देत नाही म्हणून होत नाही."

सरांनी लवंग तोंडात टाकली. 

"असंल. पण जे झालंच नाही ते मी कोणत्या रकान्यात लिहू?"

दोन रुपये झाले. मी घेत नव्हतो, त्यांनी काउंटरवर ठेवले.

माझी पद्धत इथे लिहून ठेवतो. सामना सुरू झाला की पाचव्या-सातव्या मिनिटाला कुणाचा तरी पहिला वाकडा पाय पडतो. तो चुकून पडलेला नसतो, रेफरी कसा आहे हे बघायला टाकलेला असतो. त्यावर लगेच शिट्टी. जवळ जायचं, आवाज न चढवता एक वाक्य बोलायचं: "तुला पाहिलं आहे मी." बस. पुढची ऐंशी मिनिटं तो खेळतो, आणि त्याला पाहून बाकीचे एकवीस खेळतात. म्हणून माझ्या सामन्यात सर दोनदा चहा पितात.


११ जानेवारी, रविवार

सेमीच्या नेमणुका आल्या. पहिली मोन्याला. दुसरी मला: पिवळे विरुद्ध मरून. मी क्लबांची नावं लिहीत नाही, मैदानावर रंग आणि नंबर एवढंच असतं.

सेमी झाली की प्रत्येक रेफरीच्या सर्वात चांगल्या सामन्याच्या मार्कांवरून वरची तीन नावं निघतात. पुढचं आमच्याकडे जसं चालतं तसं. फायनलला पोचलेल्या दोन्ही टीमचे मॅनेजर लीगच्या ऑफिसात येतात. सेक्रेटरी साहेब तीन नावांचा कागद समोर ठेवतात. प्रत्येकाने पेन्सिलने एक नाव काटायचं. कारण सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही. उरलं त्याची फायनल. दोघांनी एकच नाव काटलं, तर उरलेल्या दोघांत जास्त मार्कवाला.

आमच्यातले जुने रेफरी वानखेडे भाऊ, त्यांचं नाव दर वर्षी तीनमध्ये असतं आणि दर वर्षी काटलं जातं. एका वर्षी त्यांनी शेवटच्या मिनिटाला पेनल्टी दिली होती. ती पेनल्टी होतीच, हे सगळे मानतात. तरी काटतात.

मला या वर्षी हवी आहे. फायनल केलेल्यालाच राज्याच्या परीक्षेला पाठवतात आणि त्या परीक्षेला वयाची अट आहे. जूनमध्ये माझं वय उलटतं. पुढच्या वर्षी माझ्यासाठी हा विषय नाही.

बाबांना सांगितलं. ते बेसाच्या एका फ्लॅटच्या स्कीमवर वॉचमन आहेत, ड्यूटीला निघत होते. म्हणाले, "चांगलं आहे," आणि टॉर्च शोधू लागले.


१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

दुपारी मोन्याच्या गच्चीवर. सगळ्या सक्करदऱ्यात गाणी आणि 'ओ काट!'. मोन्या पतंग उडवत होता, मी चक्री धरून उभा. मला पतंग जमत नाही.

मोन्याला कालच्या सेमीला ८.६ मिळाले. सामना कठीण. दोन्ही बाकांवरची पोरं मैदानात उतरली होती म्हणे.

"तू पाचव्याच मिनिटाले थंडं पाणी टाकते बे," म्हणाला. "आग लागूच देत नाही. मंग फायर ब्रिगेडले कोण बक्षीस देईल?"

"आग लागू द्यायची असते का?"

"मी कुठं म्हटलं लाव म्हणून? एकदा थोडं धूर निघू दे. सरले दिसू दे. मंग विझव. तुले विझवता येते, मले माहीत आहे. त्याहिले माहीत नाही."

मी चक्रीतला मांजा सोडत राहिलो. त्याने बाजूच्या गच्चीवरचा पतंग काटला आणि ओरडला. मग माझ्याकडे वळून, "हे पाय, असं तुहं नाव काटतील, आन् कोणी वरून 'ओ काट' पण नाही म्हणणार."

हसलो. घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

आईने तिळाचे लाडू केले होते. कडक झालेत. तिला म्हणालो चांगले झालेत.


१६ जानेवारी, शुक्रवार

नवे बूट घेतले. काळे, बिनरेषेचे, रेफरीला लागतात तसे. दुकानदार ओळखीचा, बाकीचे पैसे नंतर.

सेमीला जुनेच घालणार. हे फायनलसाठी.

लिहिल्यावर वाचलं. खोडणार होतो. राहू दे.


१७ जानेवारी, शनिवार

शिट्टी उकळत्या पाण्यातून काढली. कार्डं पुसली. घड्याळं दोन, दोन्ही मिळवली.  जेवलो नाही.

आई: "दुसऱ्याच्या खेळात शिट्ट्या वाजवाले जाते आन् उपास इथं करते."


१८ जानेवारी, रविवार. संध्याकाळ

पिवळे १, मरून ०. पिवळी कार्डं पाच. लाल एक.

क्रमाने लिहितो, नाहीतर लिहिता येणार नाही.

देवगडे सर कडुनिंबाखाली. खुर्ची, थर्मास, पॅड. मैदान कोरडं, दोन्ही गोलांसमोर नुसती माती.

पाचवं मिनिट असेल. पिवळे ६ मध्यरेषेजवळ चेंडू घेऊन वळला. मरून १४ उशिरा आला, पाय उचललेला. ६ पडला. चेंडू मात्र पिवळे १० कडे गेला आणि त्याच्यापुढे मोकळं होतं. शिट्टी तोंडात होती. वाजवली नाही. दोन्ही हात पुढे केले, खेळा. ॲडव्हान्टेज: फाउल झाला तरी चेंडू त्याच टीमकडे, म्हणून खेळ चालू. नियमात बसतं, कोणत्याही पुस्तकात बसतं.

१० ने चेंडू बाहेर घालवला. खेळ थांबला. आता १४ कडे जायचं असतं. जवळच होता.

गेलो नाही.

१४ माझ्याकडे पाहत होता. येईल म्हणून वाट पाहत होता, तसा चेहरा होता. मी नजर फिरवून गोलकीपरला हात केला, चल घे लवकर. त्या वेळी मी कडुनिंबाकडे पाहिलं का? पाहिलं असावं. सर चहा ओतत होते.

१४ ला कळलं. मग सगळ्यांना कळलं.

विसाव्या मिनिटाला कोपर. मग धक्काबुक्की, दोन पिवळी कार्डं. पिवळ्यांच्या बाकावरून, "ओ रेफरी, शिट्टी घरी राहिली का गा?" हाफ टाइमला लाइनवरचा सहकारी म्हणाला, "आज काहून एवढं तापून राहिलं?" मी म्हणालो, सेमी आहे.

दुसऱ्या हाफमध्ये घट्ट धरलं. प्रत्येक गोष्टीला शिट्टी. पण ऐकण्याची वेळ निघून गेली होती. आणखी तीन कार्डं. गोल झाला, नीट झाला, त्यात वाद नाही.

त्यानंतर, बासष्टावं मिनिट. पुन्हा १४, पुन्हा ६. या वेळी बुटाचा तळ सरळ घोट्यावर. आवाज झाला. मी लांब होतो तरी ऐकू आला.

लगेच लाल. दोन्ही टीम माझ्याभोवती. मी मागे सरकलो नाही, कुणाला हात लावू दिला नाही, दोघा कॅप्टनांना बाजूला घेतलं, १४ ला रेषेबाहेर पाठवलं, मगच स्ट्रेचर आत बोलावलं. नाही, चुकलं, स्ट्रेचर आधी बोलावलं. उरलेला सामना शांत झाला. सगळे घाबरले होते.

६ ओरडत नव्हता. तोंडावर जर्सी ओढून घेतली होती.

सामना संपल्यावर देवगडे सर स्वतः चालत आले. हात मिळवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"आज मॅच सांभाळली तू. मी बसलोच नाही. चहा गार होऊन गेला."


१९ जानेवारी, सोमवार

८.७. सामना कठीण. ॲडव्हान्टेजचा योग्य वापर (५ वे मि.). गंभीर प्रसंगी धैर्य.

'धैर्य' बरोबर लिहिलं आहे. सर बहुतेक वेळा 'धेर्य' लिहितात.

मोन्याचा फोन. "झाला नं कठीण! मी काय म्हटलं होतं?" खूश होता, मनापासून. माझ्यापेक्षा त्याला कमी आहेत तरी.

मी म्हणालो, ६ चं काय झालं काही कळलं का?

"कोण ६?"


२० जानेवारी, मंगळवार

घोटा दोन ठिकाणी मोडला. ऑपरेशन झालं, पट्टी टाकली आतून. सक्करदऱ्याच्या हाडांच्या दवाखान्यात आहे. नाव अनिकेत. लाइनवरच्या सहकाऱ्याने सांगितलं.

आतापर्यंत ६ होता.

दुकानात एका बाईंच्या अर्जात 'विनंती' दोनदा टाइप केलं. त्यांनी दाखवलं.


२१ जानेवारी, बुधवार

का गेलो नाही त्याच्याकडे, हे शोधतो आहे.

एक: ॲडव्हान्टेज खरा होता, लक्ष तिकडे होतं. असू शकतं.
दोन: सेमी आहे, उगाच खेळ तोडू नये. असं वाटलं होतं का? आठवत नाही.
तीन: मोन्याची गच्ची.

तिसरं लिहायला वेळ लागला. पण ते ठरवून केलं, असंही शपथेवर म्हणता येत नाही. कडुनिंबाकडे पाहिलं ते १४ कडे न गेल्यानंतर की आधी? आधी असेल तर... 

सामन्याचा व्हिडिओ कुणी केला आहे का, विचारलं. गोलापासूनचा आहे. पाचव्या मिनिटाचा कुणाकडेच नाही. त्यात काही झालंच नव्हतं ना.


२२ जानेवारी, गुरुवार

सरांच्या घरी गेलो. वांग्याची रोपं लावत होते, हात मातीचे.

"सर, पाचव्या मिनिटाला १४ शी बोलायला हवं होतं मी."

"मी लिहिलं नं. ॲडव्हान्टेज योग्य."

"ॲडव्हान्टेज नाही, त्यानंतर. खेळ थांबल्यावर. मी दर वेळी जातो, तुम्हाला माहीत आहे."

"दर वेळी काय करते ते कागदावर नसते. त्या दिवशी काय केलं ते असते." मग माझ्याकडे नीट पाहिलं. "तू जाणूनबुजून सोडलं का त्याले?"

"माहीत नाही, सर."

सर रोपाभोवती माती दाबत राहिले.

"माहीत नाही तं मंग कायले सांगून राहिला? रिपोर्ट गेला वर. मार्क मले मागं घेता येत नाही, आन् घेऊन लिहू काय? रेफरी बोलला नाही? बोलणं सक्तीचं आहे का रूलमध्ये?"

"नाही."

"मंग?"

 काकूंनी आतून विचारलं, चहा ठेवू का. सर म्हणाले, ठेव.

निघताना दारात: "फायनल भेटली तं पाचव्या मिनिटाले शिट्टी वाजव. बस. मी सोपा लिहीन, तुले काय करायचं आहे मंग मार्कांचं."

चांगल्या मनाने म्हणाले. म्हणूनच मान हलवून निघालो.


२४ जानेवारी, शनिवार

तीन नावं आली. मी ८.७. मोन्या ८.६. वानखेडे भाऊ ८.५.

फायनल १ फेब्रुवारीला. पिवळे विरुद्ध पट्टेवाले. नावं बुधवारी काटणार, ऑफिसात, अकरा वाजता.

टपरीवर सगळ्यांचं गणित झालेलं आहे. पट्टेवाले वानखेडे भाऊंना काटणार, ती पेनल्टी त्यांच्याच विरुद्ध होती. पिवळे मोन्याला काटणार, कारण मोन्या पट्टेवाल्यांच्या पोरांबरोबर जिममध्ये असतो. मग उरतो कोण?

"पेढे," एकाने म्हटलं.

दुसरा म्हणाला, "पण पिवळ्याहिचा पोरगा याच्याच मॅचमध्ये तुटला ना. ते यालेच काटतील."

मनात आलं, काटोत. मी ते वाक्य धरून घरी आलो. ते काटतील तर संपेल. मला काही करावं लागणार नाही.


२५ जानेवारी, रविवार

दवाखान्यात गेलो. सफरचंदं घेतली. जिन्यात दोनदा थांबलो.

अनिकेत खिडकीजवळच्या पलंगावर. पाय उंच टांगलेला. मैदानावर वाटतो त्यापेक्षा लहान दिसतो. आई शेजारी बसलेली. त्याने मला पाहून उठायचा प्रयत्न केला. खरंच केला.

"आई, हे आमच्या मॅचचे रेफरी सर."

ती उभी राहिली. "तुम्हीच का भाऊ त्या पोट्ट्याले बाहेर काढलं? बरं केलं बाप्पा. नाही तं कोणी काही करत नाही."

मी बसलो. काय बोलायचं ते घरून पाठ करून आलो होतो.

"अनिकेत, पाचव्या मिनिटाला पण त्याने तुला पाडलं होतं. आठवतं?"

"हो सर. ॲडव्हान्टेज दिला तुम्ही. मस्त दिला. दुसरा असता तं शिट्टी वाजवून खेळ मोडला असता."

"मी त्या वेळी त्याच्याशी बोलायला हवं होतं."

"अजी सर, तो कोणाचं ऐकते? त्याले मी लहानपणापासून ओळखतो. एकाच गल्लीतले आहोत आम्ही." हसला. "काल आला होता इथं. रडून राहिला होता. मीच म्हटलं, जाऊ दे बे."

मी म्हणालो, "माझं ऐकतात. पहिल्यांदा बोललं तर ऐकतात."

त्याला वाटलं मी त्याला धीर देतो आहे. मान हलवली.

पोलीस भरतीची तयारी करत होता. दोन वर्षं. पहाटे धावायचा. ग्राउंडची तारीख पुढच्या महिन्यात. आईने सांगितलं, त्याने नाही. तो म्हणाला, "पुढच्या वर्षी देऊ ना." आईने पदर नाकाला लावला, पण रडली नाही. म्हणाली, "पुढच्या वर्षी वय बसते का पाहा लागंल."

वय.

तिने सफरचंद कापलं आणि पहिली फोड मला दिली. मी नको म्हणालो. "घ्या जी, तुम्हीच आणले." खाल्ली.

निघताना अनिकेत म्हणाला, "सर, टेन्शन घेऊ नका. मॅनेजरले सांगून ठेवलं मी. सरचं नाव काटाचं नाही म्हणून. त्याहिनं बी हो म्हटलं."

जिना उतरताना काही दिसत नव्हतं. खाली आल्यावर गाडीची चावी खिशात सापडेना, ती गाडीलाच होती.


२६ जानेवारी, सोमवार

दुकान बंद. झेंडावंदनाची गाणी.

मोन्याकडे गेलो. त्याला सगळं सांगितलं, कडुनिंबासकट. म्हणालो, पिवळ्यांच्या मॅनेजरला जाऊन सांगतो, माझं नाव काट.

"सांग. काय सांगशील? रूलमध्ये बसणारा ॲडव्हान्टेज दिला म्हणून? हसतील बे तुह्यावर."

"मग मीच माघार घेतो."

"फायनल नाकारली तं पॅनलच्या बाहेर. माहीत आहे ना? मंग शिट्टी घे आन् चौकात ट्रॅफिक सांभाळ."

  मग मोन्या जमिनीकडे पाहत म्हणाला, "मी म्हटलं होतं तुले गच्चीवर. धूर निघू दे म्हणून. माह्यावर टाक ना."

टाकून पाहिलं. मनातल्या मनात, येताना, पूर्ण रस्ताभर. तो तिथे नव्हताच. मैदानावर मीच होतो.

आणि एक, ते मोन्याला सांगितलं नाही. त्याला काटणार आहेत हे कळलं तेव्हा मला बरं वाटलं होतं.


२७ जानेवारी, मंगळवार

दुकानात गिऱ्हाईक नसताना माघारीचा अर्ज टाइप केला. 'वैयक्तिक कारणास्तव'. वाचला, शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. पुसला. पुन्हा टाइप केला. प्रिंट काढली नाही.

माघार घेतली तर अनिकेतचा पाय जुळतो का? नाही. त्याची तारीख परत येते का? नाही. मग ती कुणासाठी? माझ्यासाठी. आणि घेतली नाही तर फायनल, तीही माझ्यासाठीच.

आई रात्री जेवताना: "काय झालं तुले? पास झाला नं?"

"झालो."

"मंग असा काहून दिसून राहिला, नापास झाल्यासारखा?"

तिला सांगायला सुरुवात केली. ॲडव्हान्टेज म्हणजे काय, इथपासून सांगावं लागलं. तिने ऐकलं. शेवटी म्हणाली, "एवढं समजलं मले. एक पोरगं वाट पाहून राहिलं होतं का तू रागावशील, आन् तू रागावला नाही."

हो.

"मंग आता जाऊन रागाव त्याच्यावर. कोण तो, चौदा."

"आता कशाला?"

"मले काय माहीत. तुह्या खेळातलं तुले माहीत."

भाताचं पातेलं उचलून आत गेली.


२८ जानेवारी, बुधवार. सकाळी १०.४०

दुकान. अकराला दोन्ही मॅनेजर ऑफिसात बसतील. सेक्रेटरी साहेब अर्ध्या तासात निकाल ग्रुपवर टाकतात.

सकाळी ८ वाजता १४ च्या गल्लीत गेलो होतो. नळावर बादली भरत होता. मला पाहून बादली नळाखाली ठेवून उभा राहिला. लाल कार्डाबद्दल काही सांगायला आलो असं वाटलं असेल. त्याला तीन सामन्यांची बंदी आहे.

जवळ गेलो, नेहमीसारखा. आवाज न चढवता म्हणालो, "तुला पाहिलं होतं मी. पाचव्या मिनिटाला."

तो माझ्याकडे पाहत राहिला. बादली वाहू लागली.

"मंग बोलला काहून नाही, सर?"

मी नळ बंद केला आणि आलो.

अर्ज अजून स्क्रीनवर आहे. माघार घ्यायची तर नावं काटण्याआधी. फोन काउंटरवर पालथा ठेवला आहे. एक माणूस सातबाराच्या चार प्रती काढायला उभा आहे, पहिले त्याचं करतो.

या महिन्याचा हिशेब:

बूट २,२०० (दिले १,०००)
पेट्रोल ४५०
सफरचंदं १६०
कार्डं, नाड्या ९०

देणे: बूटवाल्याला १,२००. मोन्याला ३००.

येणे: लीगचे पाच सामने २,५००. सेमी ७००.
फायनल १,०००. ही ओळ पेन्सिलने लिहिली आहे.